बेचाळीस अक्षरं

एका ओळीत बेचाळीस अक्षरं, त्याहून एक जास्त नाही.
पडद्यावर दोन ओळी, फार तर सहा सेकंद.
तेवढ्यात माणसाचं वाचूनही झालं पाहिजे
आणि तलवार म्यानातून निघालेलीही दिसली पाहिजे.
एरंडवण्यात, तिसऱ्या मजल्यावर, रात्री साडेअकराला
मी एका मारेकरणीला मराठी शिकवते आहे.

तोयो तिचं नाव.
बाप मारला गेला तेव्हा ती भाताच्या कोठारात होती.
पाच नावं तिने फळीवर नखाने कोरली.
चौथा आत्ता पडला, एकोणऐंशीव्या मिनिटाला, बर्फात.
रक्त नेहमीसारखंच, कारंज्याच्या बेताने.
इथे मला काम नाही.
किंकाळी सगळ्यांना कळते.

अडतं ते एका शब्दापाशी. कताकिउची.
म्हणजे सूड, पण रीतसर,
कचेरीत अर्ज देऊन, परवानगीचा कागद कमरेला खोचून घेतलेला.
आपल्याकडे सूड घेतात. उट्टं काढतात. वचपा काढतात.
आणि उगवतात.
सूड उगवणे. कुणाला सुचलं असेल हे क्रियापद?
जशी काही मटकीच.
ओल्या फडक्यात घट्ट बांधून शेगडीच्या उबेला ठेवायची
आणि सकाळी बघायचं,
पांढरी शेपटं फडक्यातून बाहेर आली का.

आमचं फडकं चोवीस वर्षांचं.
भोसरीच्या कारखान्यात, रात्रपाळीला, प्रेसखाली
बाबांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.
मशीनची जाळी आदल्याच आठवड्यात काढून ठेवली होती,
तासाला चाळीस नग जास्त निघावेत म्हणून.
काढायला लावली फोरमन दिघावकरने,
आणि रजिस्टरातही त्यानेच लिहिलं:
कामगाराचा निष्काळजीपणा.
दोन शब्द, अकरा अक्षरं. एका ओळीत आरामात बसतात.
बाबा डाव्या हाताने जेवायला शिकले
आणि पुन्हा कुणाच्या लग्नात पंगतीला बसले नाहीत.

रविवारी सिंहगड रोडच्या जपानी बागेत गेले,
पाण्याचा आवाज ऐकायला. शेवटच्या प्रसंगात तसा आवाज आहे.
लाकडी पुलावर दिघावकर उभा.
मफलर, काठी, एका डोळ्यावर हिरवी पट्टी.
ओळखलं ते मानेवरून. आधी मान वळते, मग माणूस.
पूल अरुंद. खाली मासे. मागेपुढे कुणी नाही.
तोयोने अशा वेळी उजवा पाय अर्धं पाऊल मागे घेतला असता.
मी घेतला.
हसू नका. तीन आठवडे रोज रात्री मी तिच्याबरोबर आहे.

"बाळ, त्या पाटीवर काय लिहिलंय गं?
मोतीबिंदू काढलाय परवा, काही लागत नाही."
मी वाचलं: माशांना खाऊ घालू नये.
"अस्सं," म्हणाला,
आणि मुठीतले कुरमुरे परत कोटाच्या खिशात भरू लागला,
एकही खाली न सांडता,
पाचही बोटांनी.

मी बाबांचं नाव घेतलं नाही.
घेतलं असतं तर तो काय म्हणाला असता
ते मला घरी आल्यावर, एकशे चौथ्या मिनिटाला कळलं.
पाचवा. म्हातारा, चुलीपुढे बसून काटक्या मोडतोय.
तोयो दारात उभी राहून बापाचं नाव सांगते.
गाव सांगते, कुळ सांगते, साल सांगते.
तो वर बघतो. खोटं बोलत नाही, खरंच आठवतोय.
"कोण?"

मग ती मारते. मारायलाच हवं,
लोक तिकीट काढून आलेत.
पण तलवार पुसताना तिचा हात ज्या रीतीने थांबतो
त्याला मी आठ वेळा मागे नेऊन पाहिलं.

पडद्यावर लिहिलं: कोण?
दोन अक्षरं. चाळीस जागा रिकाम्या.

स्वयंपाकघरात दिवा लागला.
बाबा पाणी प्यायला उठलेत.
ओट्यावरचं फडकं डाव्या हाताने चाचपून म्हणाले,
"नाही आले गं मोड अजून.
थंडी आहे. राहू दे."